तांबडा समुद्र, तासगावची द्राक्षं आणि टीव्हीवरचा तज्ज्ञ

डिसेंबर २०२३. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या आगाप, म्हणजे लवकर छाटलेल्या द्राक्षबागांमध्ये मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं आणि एक्स्पोर्टवाले बांधावर येऊन माल बघून जात होते. त्याच महिन्यात तिकडे येमेनच्या किनाऱ्यावर जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पडत होती. सुरुवात १९ नोव्हेंबरला झाली. हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवून 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं, आणि ते जहाज निघालं होतं भारताकडेच. डिसेंबरच्या मध्याला मर्स्क, हापाग-लॉइड, एमएससी अशा बड्या कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडली. जहाजं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायला लागली. म्हणजे न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या कंटेनरचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला.

द्राक्षासाठी चौदा दिवस म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. कंटेनरचं तापमान शून्याच्या आसपास ठेवलं तरी देठ सुकायचा तो सुकतोच.

त्या दिवसांत टीव्ही लावला की दर चॅनेलवर सहा चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एकेक तज्ज्ञ. निवृत्त राजदूत, निवृत्त जनरल, कुठल्या तरी अभ्यास संस्थेचे संचालक. अँकरचा प्रश्न एकच, 'हे कधी थांबणार?' कुणी म्हणे महिन्याभरात, कुणी म्हणे हा तर मोठ्या युद्धाचा पहिला अंक. बागायतदाराने यातलं काय घ्यावं? कुणाचं खरं धरून माल लोकल बाजारात द्यावा आणि कुणाचं ऐकून थांबावं?

राजकारण, परराष्ट्र व्यवहार, युद्ध यांवरच्या मुलाखती आपण आता रोज ऐकतो. त्या ऐकायच्या कशा, हे मात्र कुणी शिकवत नाही.

तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण?

पडद्यावर नावाखाली 'परराष्ट्र धोरण तज्ज्ञ' अशी एकच पट्टी येते. त्या पट्टीखाली फार वेगवेगळी माणसं बसलेली असतात.

निवृत्त राजदूताला वाटाघाटी आतून कशा चालतात हे ठाऊक असतं. मसुद्यातला एखादा शब्द बदलायला रात्र कशी जाते, दिल्लीहून परवानगी कशी येते, समोरच्याला अडचणीत न आणता नकार कसा द्यायचा, हे त्याने स्वतः केलेलं असतं. पण त्याची माहिती बहुधा ज्या देशांत नेमणूक झाली तिथली, आणि तीही निवृत्त झाला त्या दिवसापर्यंतची. आयुष्य मॉस्को आणि युरोपात काढलेल्या माणसाला हुथींबद्दल विचारलं तर तो बोलतो, कारण बोलावलंय. त्यात त्याचा तरी काय दोष!

निवृत्त सेनाधिकाऱ्याला शस्त्रं, भूगोल, रसद कळते. राजकीय नेतृत्वाच्या मनात काय आहे हे त्याला आपल्याइतकंच कळतं. प्राध्यापकाला तीस वर्षांचा इतिहास माहीत असतो, काल रात्रीची घडामोड नसते. वार्ताहराचं उलट असतं. आणि थिंक टँक, म्हणजे धोरणांचा अभ्यास करून अहवाल काढणाऱ्या संस्था, तिथले लोक या सगळ्यांच्या मधे कुठे तरी असतात. त्यांच्यातले काही खरोखर जाणकार असतात, काही मुलाखती देण्यातच तरबेज.

तेव्हा 'हा तज्ज्ञ आहे का' असं विचारण्यापेक्षा 'कशातला' असं विचारलं की निम्मं काम होतं.

एका उत्तरात तीन गोष्टी मिसळलेल्या

आता उत्तराकडे येऊ. दोन मिनिटांच्या उत्तरात बहुतेक तज्ज्ञ तीन वेगळ्या गोष्टी एकाच सुरात सांगतात: काय घडलं, ते का घडलं, आणि आता काय घडणार. ऐकताना तिन्ही सारख्याच ठाम वाटतात. त्यांची किंमत मात्र सारखी नसते.

आपल्याकडे बागेत येणारा द्राक्ष सल्लागार डोळ्यांसमोर आणा. पान उलटून बघतो आणि सांगतो, हा डावण्या आहे, भुरी नव्हे (दोन्ही द्राक्षावरचे बुरशीचे रोग). हे त्याला नक्की कळतं, कारण हजार बागा पाहिल्यात. मग सांगतो की कॅनोपी, म्हणजे वेलीचा पानोळा, दाट झाली, हवा खेळली नाही, पहाटेचं दव राहिलं, म्हणून आला. हेही बहुतेक वेळा बरोबर असतं. पण 'फुलोऱ्यात अवकाळी येईल का हो?' असं विचारलं, तर त्याचं उत्तर आणि चौकातल्या पानपट्टीवरचं उत्तर यांत फार अंतर नसतं. शहाणा सल्लागार तसं कबूल करतो आणि 'आला तर काय करायचं' तेवढं सांगून ठेवतो. आणि एखाद्याचं स्वतःचंच औषधांचं दुकान असेल, तर त्याने लिहून दिलेली यादी आपण जरा जपून वाचतो. म्हणून त्याला बागेत यायचं बंद करत नाही.

परराष्ट्र व्यवहाराच्या तज्ज्ञाचं अगदी असंच आहे. हुथी कोण, त्यांचा इराणशी संबंध काय, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी इतकी अरुंद असल्याने काय होतं, विमा कंपन्या कशा घाबरतात, हे तो उत्तम सांगू शकतो. नेमकं त्याबद्दल त्याला कुणी विचारत नाही. विचारतात ते अवकाळीबद्दल.

भविष्य सांगण्यात हे लोक किती चुकतात?

हे कुणी मोजलंय का? मोजलंय. फिलिप टेटलॉक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास वीस वर्षं हाच उद्योग केला. राजकारण आणि अर्थकारणावर भाष्य करणं हाच ज्यांचा पेशा, अशा २८४ जणांकडून त्याने ८२ हजारांहून जास्त अंदाज आकड्यांत लिहून घेतले. अमुक देशात सत्तापालट होईल याची शक्यता किती टक्के, अमुक संघर्ष वाढेल, कमी होईल की आहे तसाच राहील, अशा पद्धतीचे प्रश्न. मग तो थांबला आणि प्रत्यक्षात काय झालं याच्याशी ताडून पाहिलं. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तिन्ही शक्यतांना डोळे झाकून सारखं माप देणाऱ्यापेक्षाही या मंडळींची सरासरी कामगिरी चांगली नव्हती. 'हे होणं शक्यच नाही' असं त्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी साधारण १५ टक्के गोष्टी झाल्या. एका विषयात मुरलेला माणूस आणि तोच विषय फक्त वर्तमानपत्रातून वाचणारा जागरूक माणूस यांच्या भाकितांत फारसा फरक निघाला नाही. आणि सगळ्यांत गमतीचं म्हणजे जे जास्त प्रसिद्ध, ज्यांना माध्यमं वारंवार बोलावतात, त्यांची अचूकता इतरांपेक्षा कमी भरली.

असं का व्हावं? टीव्हीला ठाम माणूस हवा असतो. 'एका बाजूने असं, पण दुसऱ्या बाजूने तसंही' म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी फोन येत नाही. एकच मोठी कल्पना घेऊन जगातली प्रत्येक घटना तिच्यात बसवणारा माणूस बोलायला रंगतदार असतो, अंदाजात मात्र कच्चा निघतो. टेटलॉकच्या तपासणीत त्यातल्या त्यात बरे ठरले ते आपल्याच मताबद्दल शंका बाळगणारे आणि नवी माहिती आली की आकडा बदलणारे. पुढे २०११ ते २०१५ या काळात अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या संशोधन विभागाने अंदाजांची स्पर्धाच भरवली. त्यात टेटलॉकच्या गटातली सामान्य हौशी माणसं, थोड्या सरावाने आणि वारंवार आकडे सुधारत राहून, चांगलीच पुढे गेली.

दुसरी अडचण 'शक्यता' या शब्दाची. १९५१ साली सीआयएचा एक अहवाल निघाला: सोव्हिएत गट युगोस्लावियावर हल्ला करेल, ही शक्यता गांभीर्याने घ्यावी. तो तयार करण्यात शर्मन केंट या अधिकाऱ्याचा हात होता. नंतर कुणी तरी त्याला विचारलं, म्हणजे किती? तो म्हणाला, माझ्या मते शंभरात पासष्ट. मग त्याने ज्यांच्याबरोबर बसून ते वाक्य लिहिलं होतं, त्या सहकाऱ्यांना विचारलं. कुणाच्या मनात वीस होते, कुणाच्या ऐंशी! एकाच वाक्याखाली सगळ्यांनी मान डोलावली होती आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा होता. आज 'युद्धाची शक्यता नाकारता येत नाही' असं कुणी म्हणालं तर ते वाक्य कधीच चुकत नाही. युद्ध झालं तरी बरोबर, नाही झालं तरी बरोबर. अशा वाक्यावर कंटेनर बुक करता येत नाही.

तांबड्या समुद्रात पुढे काय झालं

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर हवाई हल्ले सुरू केले. तेव्हा हुथी नमतील असं वाटणं साहजिक होतं. ते नमले नाहीत. फेब्रुवारीत त्यांनी खताने भरलेल्या 'रुबीमार' जहाजावर क्षेपणास्त्र टाकलं, मार्चच्या सुरुवातीला ते बुडालं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका जहाजावरच्या २१ जणांना आपल्या नौदलाच्या 'कोलकाता' या युद्धनौकेने वाचवलं.

जानेवारी २०२५ मध्ये गाझात युद्धविराम झाला आणि हुथींनी हल्ले आवरते घेतल्याचं जाहीर केलं. आता वाट मोकळी, असं म्हणायला हरकत नव्हती. जहाज कंपन्या मात्र परत फिरल्या नाहीत. मार्चमध्ये अमेरिकेने पुन्हा बॉम्ब टाकले, मे महिन्यात ओमानने मध्यस्थी करून अमेरिका आणि हुथींमध्ये समझोता घडवला. त्यात इस्रायलशी संबंधित जहाजांचा विषयच नव्हता. जुलैमध्ये 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन मालवाहू जहाजं पाठोपाठ बुडवली गेली.

ही साखळी डिसेंबर २०२३ मध्ये कुणाला सांगता आली असती? कुणालाच नाही. हुथींनी सुरुवातीपासून आपली मोहीम गाझाशी जोडली होती, तेव्हा तिथे काय होतं यावर इथलं अवलंबून, एवढं जाणकार सांगू शकत होते आणि काहींनी सांगितलंही. कंपन्या हल्ले थांबल्यावर लगेच परतत नाहीत, विम्याचा हप्ता कमी होईपर्यंत थांबतात, हेही सांगण्यासारखं होतं. लंडनमध्ये विमा व्यवसायाची जॉइंट वॉर कमिटी आहे, ती समुद्राचा कोणता पट्टा धोक्याचा हे ठरवते आणि त्यावरून जादा हप्ता लागतो. बागायतदाराच्या दृष्टीने त्या कमिटीचा नकाशा अर्ध्या डझन चर्चांपेक्षा जास्त बोलका होता. चॅनेलवर त्याचं नावही फारसं कुणी घेतलं नाही.

'सूत्रांनी सांगितलं' म्हणजे कुणी सांगितलं?

तज्ज्ञ जे बोलतो त्यातलं बरंच त्याने बातमीतून घेतलेलं असतं, आणि बातमीत बसलेला असतो एक अदृश्य माणूस: 'सूत्र'.

पत्रकारितेत बोलण्याचे ढोबळ तीन प्रकार. ऑन रेकॉर्ड, म्हणजे नावानिशी छापा. बॅकग्राउंड, म्हणजे माहिती वापरा, नाव नको. 'वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितलं' हे इथून येतं. आणि ऑफ द रेकॉर्ड, म्हणजे छापायचंच नाही, फक्त तुमच्या समजुतीसाठी. परराष्ट्र व्यवहारात दुसरा प्रकार सर्रास चालतो. कधी माहिती देणारा खरोखर धोका पत्करून सत्य सांगत असतो. कधी सरकारलाच खडा टाकून बघायचा असतो: लोक कसे घेतात, समोरचा देश काय म्हणतो. अंगावर आलं तर 'आम्ही असं कधी म्हटलंच नाही' म्हणायला मोकळे.

सूत्र कच्चं निघालं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मातीतलंच आहे. गोपाळ गणेश आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. (आज टेंभू म्हटलं की खानापूर-आटपाडीला पाणी नेणारी उपसा योजना आठवते, आगरकर नंतर.) १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, संपादक आगरकर. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा कारभारी माधवराव बर्वे छळ करतो, असे लेख 'केसरी' आणि 'मराठा'ने छापले. हाती आलेली काही पत्रं त्याला आधार होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला घातला आणि पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात राहिले. हेतू स्वच्छ होता, महाराजांबद्दलची कळकळ खरी होती. कागद खोटा होता.

तीच गोष्ट एकशे वीस वर्षांनी जागतिक पातळीवर घडली. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराककडे जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा असल्याचं सांगितलं. त्यामागचा मुख्य खबऱ्या जर्मनीत आश्रय घेतलेला एक इराकी होता, सांकेतिक नाव 'कर्व्हबॉल'. त्याने पुढे २०११ मध्ये आपण थाप मारल्याचं उघड कबूल केलं. तोवर युद्ध होऊन गेलं होतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २६ मे २००४ रोजी संपादकीय टिपण छापून आपल्या बातम्यांत पुरेशी तपासणी झाली नसल्याचं मान्य केलं. त्या काळात हजारो तज्ज्ञ टीव्हीवर बोलले. बहुतेकांचं म्हणणं त्याच बातम्यांवर उभं होतं, आणि बातम्या मूठभर सूत्रांवर. ऐकणाऱ्याला वाटलं की पन्नास जण सांगताहेत. सांगणारे दोन-तीनच होते, बाकी प्रतिध्वनी.

एका फोनची दोन निवेदनं

परराष्ट्र व्यवहारात सगळंच गुप्त असतं आणि आपल्यासारख्याला काही कळत नाही, असा एक समज आहे. प्रत्यक्षात बरंच काही सरकारी संकेतस्थळावर उघड पडलेलं असतं, फक्त वाचायची एक रीत आहे.

१५ जून २०२० च्या रात्री लडाखमधल्या गलवानमध्ये चिनी सैनिकांशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान शहीद झाले. १७ तारखेला परराष्ट्रमंत्री जयशंकर आणि चीनचे वांग यी यांचं फोनवर बोलणं झालं. त्यावर दोन्ही देशांनी आपापलं निवेदन काढलं. भारताचं निवेदन म्हणतं, चीनने पूर्वनियोजित कृती केली आणि हिंसेला तीच जबाबदार आहे. चीनचं निवेदन म्हणतं, भारतीय सैनिकांनी रेषा ओलांडली, दोषींना शिक्षा करा. दोन्ही शेजारी ठेवली तर वाटतं की हे दोघं एकाच फोनवर नव्हतेच!

पण आता फक्त दोन्हींत सापडणारा भाग शोधा. परिस्थिती चिघळू द्यायची नाही आणि सैनिकी अधिकाऱ्यांमध्ये आधी ठरलं होतं ते पाळायचं, एवढं दोन्हीकडे आहे. ठरलेलं एवढंच. बाकीचं आपापल्या घरच्यांना ऐकवण्यासाठी. आणि काय लिहिलेलं नाही तेही बघायचं. सप्टेंबर २०२० मध्ये मॉस्कोत दोघांचं पाच कलमी संयुक्त निवेदन निघालं. त्या वर्षीच्या एप्रिलपूर्वी जशी परिस्थिती होती तशी पूर्ववत करायची, हे वाक्य त्यात नव्हतं. ज्यांनी ते हेरलं त्यांना कळलं की प्रकरण लांबणार. लडाखच्या सीमेवरच्या देपसांग आणि डेमचोकमधल्या गस्तीबद्दल समझोता झाल्याचं जाहीर झालं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये.

चांगल्या तज्ज्ञाचा खरा उपयोग इथे होतो. कोणतं वाक्य नवं आहे, कोणतं गळलंय, मागच्या निवेदनात काय होतं, हे तो दोन मिनिटांत दाखवतो. आपल्याला ते शोधायला दोन दिवस लागतील.

"पण हे सगळे विकले गेलेलेच असतात"

हा आक्षेप कट्ट्यावर हमखास येतो, आणि तो अगदीच हवेतला नाही. एप्रिल २००८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केलं की टीव्हीवर स्वतंत्र विश्लेषक म्हणून बसणाऱ्या अनेक निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना पेंटॅगॉन खास बैठका घेऊन मुद्दे पुरवत होतं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे संरक्षण सामग्रीच्या कंपन्यांशी आर्थिक संबंध होते. ही बातमी करणाऱ्या पत्रकाराला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. २०१४ मध्ये त्याच वर्तमानपत्राने वॉशिंग्टनच्या नामांकित थिंक टँकना परदेशी सरकारं पैसा देतात हे मांडलं. आपल्याकडेही अशा संस्थांना सरकार, उद्योगसमूह, परदेशी प्रतिष्ठानं यांचा पैसा असतो.

पण पैसा आहे म्हणून प्रत्येक वाक्य खोटं, हा निष्कर्ष घाईचा. पैशाचा परिणाम बहुधा खोटं बोलण्यात दिसत नाही, न बोलण्यात दिसतो. शस्त्रकंपनीच्या पैशावर चालणारी संस्था क्षेपणास्त्राचा पल्ला चुकीचा सांगणार नाही, ते विकत घेण्याची गरज आहे का हा प्रश्न मात्र ती सहसा काढणार नाही. म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावर देणगीदारांची यादी आहे का ते बघायचं. यादी देणारी संस्था निदान लपवत तरी नाही.

आणि एक उलटा धोका. 'सगळे विकलेले' म्हणणारा माणूस शेवटी कुणावर विश्वास ठेवतो? मोबाइलवर दाढी कुरवाळत 'मीडिया तुम्हाला हे सांगणार नाही' म्हणणाऱ्यावर. त्याचा पैसा व्ह्यूजमधून येतो, आणि व्ह्यूज शांत माणसाला मिळत नाहीत. हितसंबंध तिथेही आहेतच, देणगीदारांची यादी मात्र नाही.

"आपल्याला काय करायचंय? आपला भाव तर व्यापारी ठरवतो"

चार किलोच्या पेटीला काय द्यायचं हे व्यापारी सांगतो, हे खरं. पण त्याच्या डोक्यातला हिशेब कुठून येतो? पोटॅश खताचंच घ्या. म्युरेट ऑफ पोटॅश आपण सगळंच्या सगळं बाहेरून आणतो, आणि बेलारूस व रशिया हे त्याचे मोठे पुरवठादार. बेलारूसवर निर्बंध आले आणि २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, तेव्हा दुकानात पोटॅश मिळेना आणि मिळालं तर परवडेना. साखरेची निर्यात १ जून २०२२ पासून सरकारने मर्यादित केली, तेव्हा वाळवा-कऱ्हाडच्या उसाचा संबंध थेट दिल्लीतल्या महागाईच्या चिंतेशी जोडला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. अमेरिकेत हळद जाते ती बहुतेक भारतातूनच, तेव्हा सांगलीच्या हळदपेठेलाही तो विषय परका नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानलगतची अटारीची सीमा बंद झाली. अफगाणिस्तानचा सुकामेवा खुष्कीने येण्याची मुख्य वाट तीच होती, आणि तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात बसणाऱ्याला काबूलचा बेदाणा काय आहे हे ठाऊक असतं.

या जिल्ह्यांना परराष्ट्र व्यवहार परका नाहीच. देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कऱ्हाडात वाढलेले यशवंतराव चव्हाण १९७४ ते १९७७ देशाचे परराष्ट्रमंत्री होते. पंधरा वर्षांच्या खंडानंतर चीनमध्ये पुन्हा राजदूत पाठवायचा निर्णय त्यांनीच एप्रिल १९७६ मध्ये संसदेत जाहीर केला.

मग विचारायचं काय?

गावोगावच्या व्याख्यानमालेत आता निवृत्त राजदूत, सेनाधिकारी, दिल्लीचे पत्रकार येतात. भाषण संपलं की माइक श्रोत्यांत फिरतो, आणि हटकून पहिला प्रश्न येतो: 'सर, तिसरं महायुद्ध होणार का?' सर हसतात, पाच मिनिटं बोलतात, टाळ्या पडतात, हाती काही लागत नाही.

त्याऐवजी विचारा, 'तुम्ही म्हणता तसं होणार असेल, तर त्याआधी आम्हाला काय दिसायला लागेल?' या प्रश्नाला खरा जाणकार खुलतो. तो सांगेल की जहाज कंपन्यांचं पुढच्या तिमाहीचं वेळापत्रक बघा, त्यांनी सुएझची फेरी टाकली आहे का. विम्याचा जादा हप्ता उतरतोय का. वाटाघाटींच्या बातमीत मध्यस्थाचं नाव येतंय का. ठोकून देणारा मात्र इथे अडखळतो किंवा पुन्हा महासत्तांच्या इतिहासात शिरतो. दुसरा प्रश्न: 'तुमचं हे मत कशामुळे बदलेल?' कशामुळेच बदलणार नसेल तर ते मत नव्हे, श्रद्धा आहे, आणि श्रद्धेला मान द्यावा, त्यावर माल धरून बसू नये. तिसरा जरा आगाऊ वाटेल, पण नम्रपणे विचारता येतो: 'ही माहिती तुम्हाला स्वतःच्या अनुभवातून आहे की वाचून?' चांगला माणूस त्याचा राग मानत नाही. उलट तो लगेच वेगळं काढून देतो: एवढं मी पाहिलंय, एवढं मला लोकांनी सांगितलंय, आणि हा माझा तर्क.

घरी टीव्हीसमोर बसलेल्याला माइक मिळत नाही. त्याच्यासाठी एक सोपी युक्ती आहे. कार्यक्रमाचा आवाज चालू असताना कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तारीख घालून एक ओळ लिहायची: अमुक यांनी अमुक महिन्यापर्यंत अमुक होईल म्हटलं. तारीखच सांगितली नसेल तर 'तारीख नाही' असं लिहायचं. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीला लिहिलेल्या ओळी पावसाळ्यानंतरच्या फळछाटणीच्या वेळी वाचायच्या. घरातल्या कॉलेजातल्या पोराला हे काम दिलं तर ते आनंदाने करतं, कारण मोठ्या माणसांच्या चुका मोजायला कुणालाही आवडतं.